जावळीतला पाचखणी गोठा, आमची पोरं आणि धुऊन गेलेला खडू

खडूफळा | ४ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एका कोड्यात अडकलेय, मदत हवी आहे. आधी हकीकत सांगते. लांबेल, सांभाळून घ्या.

मी जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मेढ्यापासून आत, गावाचं नाव नको. शाळा सातवीपर्यंत, पट ३१. मैदानाला लागून एक जुना लाकडी गोठा आहे. आमच्याकडच्या बऱ्याच घरांचं जे आहे तेच या घराचं. कर्ते पुरुष मुंबईत माथाडी, दाराला कुलूप, गोठ्यात वीस वर्षांत जनावर नाही. खांब पूर्वेकडे कललेले, कौलांतून पिंपळ वर आलेला. मधल्या सुट्टीत पोरं तिथेच लपाछपी खेळायची आणि माझा जीव टांगणीला.

मालकांना फोन केला. म्हणाले, पाडा, जागा शाळेला घ्या, लाकडाचे येतील ते पैसे देवळात द्या. ग्रामसभेत ठरावही झाला. लाकडाची किंमत करायला शेजारच्या गावचे सुतारनाना आले. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याला दोरा. खांबाला नखाने खरवडलं, भुसा नाकाशी नेला, मग वाकसाच्या दांड्याने एकेक खांब ठोकत वरपासून खालपर्यंत गेले. वर टणटण, खाली फुटभर बदबद. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ह्यो इकायचा माल न्हाय. पाय कुजल्यात, बाकी गडी खडखडीत हाय."

खांब आईनाचे निघाले, तुळया जांभळाच्या. सगळ्या सांगाड्यात लोखंडी खिळा एक नाही. खांबाच्या माथ्याला कुसू, म्हणजे कोरून काढलेली जीभ, ते तुळईच्या भोकात, आणि आरपार लाकडी खुंटी. पाच खण, म्हणजे एका ओळीत सहा खांब, दोन ओळींचे मिळून बारा. नानांचं म्हणणं पडलं की सगळं उतरवायचं, कुजलेले पाय कापून नवे जोडायचे आणि पुन्हा उभं करायचं. वाचनाची खोली होईल. मालकांना पुन्हा फोन. ते हसले. "करा काय करायचं ते, पण पोरांच्या अंगावर पाडू नका."

आता पोरांचं काम. फेब्रुवारीपासून आनंददायी शनिवारच्या तासाला आम्ही गोठ्यात. सहावी-सातवीने मोजमाप घेतलं, वहीत आराखडा काढला. ओळंबा सोडला तर आठ फुटांत चार बोटं कल! काटकोन तपासायला तीन-चार-पाचची दोरी. पायथागोरस मी फळ्यावर तीन वर्षं शिकवला, तो त्या दोरीने एका सकाळीत शिकवला. कौलं उतरवली मोठ्यांनी, मोजली पोरांनी: ७६२, त्यातली ११८ फुटकी. सातवीतल्या एकाने घरच्या ताणकाट्यावर एक कौल तोललं, सव्वादोन किलो भरलं. मग गुणाकार करून सगळ्यांना सांगत सुटला की आपण पावणेदोन टनाखाली लपाछपी खेळत होतो.

आणि आता माझी चूक. उतरवलेलं लाकूड परत जागच्या जागी बसायला हवं म्हणून पोरांकडून प्रत्येक तुळई-खांबावर नंबर घालून घेतले. पू-१, पू-२, प-१, प-२. खडूने. नाना तेव्हा म्हणाले होते, "खडू नगं बाई, रंग घ्या." मी म्हटलं, जुन्या लाकडाला रंग कशाला? आठवडाभरात तर उभं करायचंय.

२६ एप्रिलला वळीव आला. गारांसकट. ताडपत्री उडून ओढ्यात. सकाळी जाऊन बघते तर बारा खांब, तुळया, वासे, सगळं मैदानात स्वच्छ धुतलेलं. एकही नंबर शिल्लक नाही. मी तिथे पायरीवर बसून राहिले, खरं सांगते.

पण त्याच पावसाने लाकडावरची साठ-एक वर्षांची काजळी आणि शेणाची खपली पण नेली होती. सहावीतली एक मुलगी ओरडली, "बाई, हितं आधीच नंबर हायत!"

खांबाच्या माथ्याशी, कुसवाच्या खाली बोटभर, पटाशीने मारलेल्या आडव्या रेघा. एका ओळीच्या खांबांवर नुसत्या रेघा, दुसऱ्या ओळीच्या खांबांवर रेघांशेजारी एक फुली. तुळयांच्या टोकांनाही तशाच. याच मुलीने वहीत तिसऱ्या खांबावरची डोळ्यासारखी गाठ काढून ठेवली होती. ती गाठ शोधली, तर त्या खांबावर तीन रेघा. म्हणजे खुणा जागेच्याच. जीवात जीव आला.

कोडं पुढे आहे. खुणा अशा आहेत: १, २, ३, ५, ६, ८. दोन्ही ओळींत हेच. चार नाही, सात नाही. नाना म्हणतात, त्यांच्या वडिलांच्या हाताच्या ह्या खुणा नव्हेत, त्यांचं घराणं वेगळी खूण करायचं. गावात कोणाला माहीत नाही.

पोरं रोज विचारतात, बाई, चार आणि सात कुठं गेले?

---

निवांत पाटील | ४ मे, रात्री १०:०५

वाचतोय. फोटो टाका ना बाई.

---

घाटावरचा | ४ मे, रात्री १०:३१

गोठा आहे म्हणजे दुधाच्या रतिबाच्या खुणा असतील. आमची आजी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने अशाच रेघा ओढायची.

---

खडूफळा | ४ मे, रात्री १०:४०

घाटावरचा, दुधाचा हिशेब पटाशीने आणि तोही आठ फुटांवर चढून? 🙂

निवांत, गावात रेंज नाही. शनिवारी साताऱ्याला गेले की टाकते.

---

कायद्याचं बोला | ५ मे, सकाळी ८:१२

हौस समजू शकतो, पण कोणीतरी हे विचारायलाच हवं. बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेबाहेर घरच्यांना हातभार किंवा बालकलाकार म्हणून काम, इतकीच काय ती मुभा. तुमची मुलं अकरा-बारा-तेरा वर्षांची. उद्या एखाद्याच्या पायावर तुळई पडली तर 'शैक्षणिक उपक्रम' हा शब्द कोणाच्या कामाला येणार? पालकांची लेखी संमती आहे का? शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आहे का?

---

रयतचा पोऱ्या | ५ मे, सकाळी ८:५०

घ्या! कर्मवीरअण्णांच्या साताऱ्यात हे ऐकायचं राहिलं होतं. १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली ती काय नुसत्या पाटी-पेन्सिलीवर? 'कमवा आणि शिका' हे आमच्या रक्तात आहे. माझ्या आजोबांनी बोर्डिंगात राहून खडी फोडलीय आणि पुढे ते मामलेदार कचेरीत हेडक्लार्क झाले.

---

कायद्याचं बोला | ५ मे, सकाळी ९:१५

आजोबांना नमस्कार. पण बोर्डिंगातली मोठी मुलं शिक्षणाचा खर्च भागवायला काम करायची, कारण दुसरा मार्ग नव्हता. अण्णांनी ती सोय नाइलाजातून काढली. आज सहावीच्या मुलीने खडी फोडावी असं तेही म्हणाले नसते. मी कामाला विरोध करत नाहीये, कुठलं काम ते विचारतोय.

---

खडूफळा | ५ मे, दुपारी २:२०

प्रश्न रास्त आहे, राग नाही. ठराव आहे, प्रत्येक पालकाची सही आहे, अंगठे पण आहेत. एका कार्यालयातून मात्र अजून लेखी उत्तर आलेलं नाही. तोंडी "करा, पण आमचं नाव नको" एवढंच.

पोरांना काय करू दिलं नाही ते आधी सांगते. छपरावर एकही मूल चढलं नाही. खांब-तुळया उतरवताना मैदानात चुन्याची रेघ आखली होती, तिच्या पलीकडे पोरं, अलीकडे गावातले दहा बाप्ये, दोर आणि नाना. करवत, वाकस, गिरमिट यांना हात नाही. कळीचा चुना आणलाच नाही. भिजवताना उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जातो, म्हणून सगळं मातीत करायचं ठरलं. पहिल्या दिवशी पोरांना आतसुद्धा सोडलं नाही. जुन्या गोठ्यात विंचू असणारच, आणि होते. सात.

करू दिलं ते असं: मोजणं, लिहिणं, चित्रं काढणं, कौलं ब्रशने घासून पाण्यात बुडवून तडे शोधणं (चिरलेलं कौल टिचकीला ठस्स वाजतं, धड असेल तर ठण्ण), म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत उतरवणं, आणि चिखल तुडवणं. हे शेवटचं थांबवणं कठीण गेलं. पांढरी माती, शेण, कापलेला भाताचा पेंढा. आठ दिवस रोज तुडवायचं आणि आंबू द्यायचं. वास असा की पलीकडच्या आळीतून तक्रार आली. चौथ्या दिवसापासून पोरं प्रार्थनेआधीच पाय भरून हजर.

---

आरसीसी | ५ मे, रात्री ९:०३

मी सिव्हिलवाला, कराडचा. भावना बाजूला ठेवून सांगा, ३०० चौरस फुटांच्या खोलीसाठी एवढा खटाटोप का? कॉलम-स्लॅब टाका, पन्नास वर्षं बघायला नको. लाकूड म्हणजे वाळवी, वाळवी म्हणजे दर दोन वर्षांनी खर्च. आणि जावळी म्हणजे कोयनेचा भूकंपाचा पट्टा. मुलांना तिथे बसवणार?

---

सुतारपक्षी | ५ मे, रात्री ११:४०

आरसीसी, भूकंपाचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. मी जुन्या इमारती दुरुस्त करते, वाई-साताऱ्याकडचे वाडे बऱ्यापैकी बघितलेत.

कोयनेचा मोठा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. साधारण १८० माणसं गेली. ज्या घरांत छपराचा भार मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींवर होता ती घरं वाईट पडली. अशा भिंतीचे दोन पदर असतात, मध्ये भर. हादऱ्याने पदर सुटतात आणि भिंत पोट फुगून कोसळते. जिथे छप्पर लाकडी खांबांनी पेललेलं होतं तिथे भिंत गेली तरी छप्पर डोक्यावर येण्याची शक्यता कमी. कुसू-भोकाचा सांधा थोडा हलतो, करकरतो, हादऱ्यातला जोर खातो. बाईंचा गोठा तेव्हा उभा असेल तर त्याने ती परीक्षा दिलेली आहे. तो चार बोटांचा कल कदाचित त्या पहाटेचाच, कोण जाणे.

पण हे सगळं खांबाचे पाय धड असतील तरच. म्हणून बाई, एक विचारते: गोठ्यात कोबा होता का?

---

खडूफळा | ६ मे, सकाळी ७:०५

होता! मालकांच्या वडिलांनी घातलेला, म्हशी घसरू नयेत म्हणून खडबडीत. तुम्हाला कसं कळलं?

---

सुतारपक्षी | ६ मे, सकाळी १०:३०

कारण नव्वद टक्के वेळा तोच निघतो. मूळ रचनेत खांब जमिनीत नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो. जमिनीची ओल दगडाशी थांबते, आणि मातीच्या जमिनीतून वाफ होऊन निघून जाते. कोबा घातला की दोन गोष्टी होतात. तळखडा सिमेंटमध्ये गाडला जातो आणि खांबाचा पाय सिमेंटात अडकतो. शिवाय जमिनीखालच्या ओलीला वर यायला वाट राहत नाही, मग ती जिथे फट असेल तिथून, म्हणजे खांबाच्या कडेने, चढते. वर म्हशींचं मूत. फुटभर कूज तिथून आली, लाकडाच्या वयातून नाही.

तेव्हा नवे पाय जोडताना पुन्हा कोबा नको. तळखडे वर काढा, जमीन मातीची ठेवून सारवा. जोड तिरकस घ्या, लांबी खांबाच्या जाडीच्या किमान तिप्पट, आणि नवीन लाकूड जुन्याच जातीचं, पूर्ण वाळलेलं. ओलं लाकूड वाळताना आकसतं आणि सांधा उघडतो. जुन्या लाकडाच्या वखारीत पाडलेल्या घरांचा आईन मिळतो, तो घ्या. झाड तोडायच्या भानगडीत पडू नका, मालकीच्या रानातल्या झाडालाही परवानगी लागते.

वाळवीसाठी बोरॅक्स-बोरिकचं पाणी, ते मोठ्यांनी मारायचं. पावसाने ते धुऊन जातं, म्हणून छपराखालीच. त्यावर जवसाचं तेल. आणि हे नीट वाचा: तेल पुसलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटतो. माझ्या एका कामावर अर्धी पडवी अशीच गेली, चूक माझी होती. बोळे पाण्याच्या बादलीत टाका.

---

आरसीसी | ६ मे, रात्री ८:४४

कोब्याचं मान्य. बोळ्यांचं माहीत नव्हतं. बाकी माझं मत कायम, पण पाय जोडायला ट्रकचे जॅक लागणार असतील तर कराडहून दोन पाठवतो. 🙂

---

रानवेडी | ७ मे, सकाळी ९:२०

भिंती कशाच्या करताय? कुडाच्या असतील तर कारवी कुठून आणणार? आमच्या भागात 'वारसा' म्हटलं की लोक राखीव रानात कोयता घेऊन घुसतात.

---

खडूफळा | ७ मे, सकाळी ९:५५

तीन बाजूंना कूड, चौथी मोकळी. कारवी एका पालकाच्या मालकीच्या रानातली, फुलून वाळलेली. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि मरते, त्या वाळक्या काठ्याच कुडाला चांगल्या. वनरक्षकांना आधीच दाखवून आणली. काठ्या विणायला बायका होत्या, पोरांनी त्यांच्या हाताखाली विणून घेतलं. पहिली दोन हात भिंत पोरांनी एकट्याने विणली, ती नानांनी उसवायला लावली. एवढी भोकं होती की म्हणाले, "ह्यातून कुत्रं जाईल." रडारड झाली. पण उसवली.

---

एसेक्सकर | ७ मे, रात्री ११:१५

उशिरा पोचलो. मूळचा कोरेगावचा, आता इंग्लंडात एसेक्समध्ये. बाई, तुमचं कोडं मला निम्मं सुटलंय असं वाटतं.

इथे धान्य मळायच्या आणि साठवायच्या लाकडी सांगाड्याच्या इमारतींना बार्न म्हणतात. माझ्या घरापासून थोड्या अंतरावर क्रेसिंग टेंपल नावाची जागा आहे, तिथे नाइट्स टेंप्लर या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तेराव्या शतकात बांधलेले दोन बार्न अजून उभे आहेत. एक बार्लीचा, एक गव्हाचा. सगळं ओक, सांध्यांना लाकडी खुंट्या. आत गेलो तेव्हा आमच्या गावच्या वाड्याच्या माडीत उभा असल्यासारखं वाटलं, फक्त उंची देवळाएवढी.

तर मुद्दा. इथले सुतार सांगाडा आधी आपल्या आवारात जमिनीवर आडवा जुळवून बघायचे, मग सुटा करून जागेवर नेऊन उभा करायचे. कुठला तुकडा कुठे ते कळावं म्हणून सांध्याजवळ पटाशीने खुणा, बहुतेक रोमन आकड्यांसारख्या, कारण सरळ रेघा मारायला सोप्या. एका बाजूच्या खुणेला जास्तीची शेपटी जोडून डावं-उजवं वेगळं ठेवायचे. तुमच्या फुलीसारखंच.

म्हणजे तुमचा गोठा कधीतरी सुटा होऊन प्रवास करून आलाय. आणि आठ आकडा आहे याचा अर्थ मूळ इमारत निदान सात खणांची होती. गोठा म्हणून बांधलेलीच नसेल ती. एवढ्या आईनाचं घर असणार.

अवांतर: मुलीच्या वर्गाची सहल एका जुन्या घराला गेली होती, तिथेही पोरांना कुडाची भिंत लिंपायला दिली होती. मुलगी घरी आली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चिखल. जगात सगळीकडे पोरांना हेच आवडतं.

---

निवांत पाटील | ७ मे, रात्री ११:३०

आता मजा येतेय. प्रवास करून आलाय म्हणजे कुठून?

---

कमी पट | ८ मे, सकाळी ६:५५

गोठा उभा कराल हो, शाळा उभी राहणार का? पट ३१. चार वर्षांत वीसच्या खाली येईल, मग पोरांना पाच किलोमीटरवरच्या शाळेत घालतील आणि तुमची वाचनाची खोली पुन्हा म्हशींना. मी शिक्षकच आहे, कडवट बोलतोय पण बघून बोलतोय.

---

खडूफळा | ८ मे, दुपारी १:१०

कमी पट, याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हशी आल्या तर निदान मातीच्या जमिनीवर उभ्या राहतील.

---

खडूफळा | १९ मे, रात्री १०:२५

मंडळी, चार आणि सात सापडले. म्हणजे कुठे गेले ते सापडलं.

एसेक्सकरांचा प्रतिसाद मी पोरांना वाचून दाखवला. "प्रवास करून आलाय" एवढं ऐकल्यावर सातवीतली तिघं मालकांच्या चुलतघरातल्या आजीकडे गेली. आजी पंच्याऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, म्हणून आधी कोणी त्यांना विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरांनी त्यांना हाताला धरून मैदानात आणलं. खांब अजून आडवेच होते, नाना एकाचा पाय तासत होते. आजी खाली वाकल्या, तीन रेघांवर अंगठा फिरवला. डोळ्यांनी नीट दिसत नाही त्यांना. मग म्हणाल्या, "ह्यो वटीवरला. ह्येला टेकून माजा बा बसायचा."

ते त्यांच्या माहेरचं घर आहे. कोयनेच्या खोऱ्यातलं, आता कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली आहे त्या गावातलं. सात खणांचं, दोन ओळींत आठ-आठ, सोळा खांबांचं. बासष्टच्या सुमाराला पाणी चढायला लागलं, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात घर उतरवलं. आजींचं लग्न तेव्हा नुकतंच झालेलं, त्या घर मोडायला माहेरी गेल्या होत्या. सुताराने प्रत्येक खांबावर रेघा मारल्या, कारण घर परत उभं करायचंच होतं. कुठे ते तेवढं ठरलं नव्हतं.

भाऊ चार. तिघं एकत्र राहणार होते, धाकटा वेगळा निघाला. वाटणी लाकडाची सुद्धा झाली. सोळा खांबांचा चौथा हिस्सा किती, हे आजींनी पोरांना विचारलं. पोरं ओरडली, चार! मोऱ्हल्या वळीतलं दोन, मागल्या वळीतलं दोन. कुठले घ्यायचे त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. धाकट्याला चार आणि सात आले. उरले बारा. आमच्या गोठ्यात बारा.

तिघा भावांना मिळालेली जमीन लांब होती आणि लाकूड न्यायला पैसा नव्हता. मुंबईला कामाला गेले. जाताना लाकूड आजींच्या सासऱ्यांकडे ठेवलं, "परत न्यायच्या बोलीवर". तीन-चार पावसाळे ते परड्यात गवताखाली पडून होतं. मग सासरे म्हणाले, असं कुजण्यापेक्षा उभं तरी राहू दे, न्यायला आले की उतरवू. म्हणून गोठा. म्हणूनच खिळा एक नाही मारलेला.

न्यायला कोणी आलं नाही.

हे सगळं सहावीतल्या त्याच मुलीने वहीत लिहून घेतलं, आजींच्या बोलीत जसंच्या तसं. मी शुद्धलेखन तपासलं नाही.

---

कायद्याचं बोला | १९ मे, रात्री १०:५८

वाचून गप्प झालो. ती वही जपा. आणि मालकांशी साधा करार करून घ्या, स्टॅम्पपेपरवर. 'बोलीवर' ठेवू नका.

---

माथाडीचा नातू | २० मे, सकाळी ७:३०

पहिल्यांदाच लिहितोय इथे, एरवी नुसता वाचतो. आम्ही पण कोयनेचेच. आजोबांना रायगड जिल्ह्यात जमीन मिळाली, आमची वसाहत तिथलीच. घरात सहा जुने खांब आहेत. लहानपणापासून बघतोय पण खुणा कधी शोधल्या नाहीत. काल रात्री हा धागा वाचला आणि बॅटरी घेऊन उठलो. बायकोला वाटलं साप निघाला.

खांबांना ऑइलपेंटचे चार-पाच थर आहेत, दर गणपतीला बाबा एक हात मारायचे. काही दिसत नाही. बोटाने चाचपलं तर एका खांबाला माथ्याशी खड्डे लागतात, मोजता येत नाहीत. रंग कसा काढायचा? सुतारपक्षी, सांगाल का?

---

सुतारपक्षी | २० मे, सकाळी ११:१०

आग लावून किंवा ग्राइंडर मारून अजिबात काढू नका. खुणा जातील, आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, ती धूळ पोरांच्या पोटात जायला नको. रंग काढायची पेस्ट मिळते. आधी हातभर जागेवर लावून बघा, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. मऊ पडला की लाकडी पट्टीने खरवडा, लोखंडी नको. सविस्तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

रयतचा पोऱ्या | २० मे, दुपारी १२:४०

चार रेघा निघाल्या तर इथे कळवा हो!

---

माथाडीचा नातू | २० मे, दुपारी १:०५

दादा, आमची आडनावं, गावं सगळी वेगळी असतील, उगाच आस नको. खोऱ्यातून किती घरं उतरली त्याला काही हिशेब आहे का? पण कळवतो.

---

खडूफळा | १६ जून, रात्री ८:१५

आज शाळा सुरू झाली. गोठा उभा आहे. ३० मे ला शेवटची तुळई बसली. कराडच्या जॅकचे आभार, परत पाठवलेत, पोचले असतील. ओळंबा सगळ्या खांबांवर सरळ, एक सोडून. त्या पाचव्या खांबाला नाना म्हणाले, "ह्यो जल्माचाच वाकडा हाय."

एक वाद झाला तो सांगायचा राहिला. पोरांचं म्हणणं होतं की खांबांवर आता १ ते ६ असे नवे नंबर घालू या, पटाशीने, म्हणजे पुढच्यांचा गोंधळ होणार नाही. मला पटत होतं. नानांनी पटाशी दिली नाही. जोडलेल्या पायांवर त्यांनी त्याच जुन्या खुणा मारल्या, एक, दोन, तीन, पाच, सहा, आठ. फुलीवाल्यांना फुलीसकट.

सध्याची अडचण वेगळी आहे. ११८ फुटक्या कौलांच्या बदली ९० जुनी मिळाली, २८ कमी आहेत. नवी कौलं जुन्यांच्या खाचेत बसत नाहीत, अर्ध्या इंचाचा फरक पडतो. तेवढ्या भागावर ताडपत्री आहे आणि ती कशी उडते ते मला माहीत आहे. सातारा, वाई, कोरेगाव भागात कोणाचं जुनं घर उतरत असेल आणि मंगलोरी कौलं निघत असतील तर कळवा. घासायला पोरं तयार आहेत.

---

घाटावरचा | १६ जून, रात्री ८:४०

आमच्या परड्यात चाळीसेक पडून आहेत, आजीच्या चुलीवरची. धुराने काळी झालीत, चालतील? मोबाइल नंबर व्यनि करतो. फक्त न्यायला रविवारी या, इतर दिवशी म्हातारी रानात असते आणि तिच्याशिवाय कोणी हात लावलेला तिला चालत नाही.